टेक्सासमधील रानटी डुकरांची शिकार आणि तिचे मांस: एका रँचच्या सेवेचे परीक्षण

मध्य टेक्सासात, ब्रॅझोस नदीच्या खोऱ्यातील एका खासगी रँचवर रानटी डुकरांच्या शिकारीची सोय केली जाते. ती मी यंदाच्या फेब्रुवारीत दोन रात्रींसाठी घेतली आणि त्या शिकारीतून मिळालेले मांस पुढचे अडीच महिने घरी शिजवून खाल्ले. हे परीक्षण मुद्दाम इतक्या उशिरा लिहीत आहे, कारण शिकारीहून नुकत्याच परतलेल्या माणसाला रात्रीची आणि बंदुकीची आठवण ताजी असते, पण मांस कसे निघाले हे त्याला अजून कळलेले नसते; आणि मांसासाठी शिकार करणाऱ्याच्या दृष्टीने तीच बाब सर्वांत महत्त्वाची आहे. अशा सेवेची परीक्षा गोळी सुटल्यानंतरच्या दोन तासांत होते, असे माझे ठाम मत झाले आहे. त्या दोन तासांत जनावर कोण उचलते, कोण सोलते, किती लवकर थंड करते आणि कोणते मांस खाऊ नका म्हणून सांगते, यावर पुढे ताटात काय येणार हे ठरते.

हे मत मला फुकट मिळालेले नाही. तीन वर्षांपूर्वी, जून महिन्यात, मी दुसऱ्या एका ठिकाणी गेलो होतो. तिथे डुक्कर दिसण्याची हमी होती, रात्री दिसणारी महागडी दुर्बीण होती, आणि पहिल्या तासाभरातच मला एक मध्यम आकाराचे जनावर मिळाले. मात्र ते आतडी न काढता गाडीच्या मागच्या हौद्यात टाकले गेले आणि इतरांची शिकार संपेपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार तास, जूनच्या उकाड्यात तसेच पडून राहिले. पहाटे मांडी उघडली तेव्हा हाडालगतच्या मांसाला आंबूस वास येत होता. डुकराची कातडी जाड, मांडीचे मांस भरघोस, त्यामुळे आतली उष्णता बाहेर पडायला फार वेळ लागतो आणि नासण्याची सुरुवात हाडापासून होते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पण ज्यांचा तो व्यवसाय होता त्यांना ठाऊक असायला हवे होते. ते संपूर्ण जनावर फेकून द्यावे लागले. एक जीव घेऊन तो वाया घालवल्याची खंत मला आजही आहे, आणि या वेळी ठिकाण निवडताना मी किती डुकरे दिसतील हे विचारण्याऐवजी शीतखोली आहे का, हे आधी विचारले.

या रँचचे दोन रात्रींचे शुल्क माणशी ४२५ डॉलर आहे. त्यात राहण्याची खोली, सोबत येणारा वाटाड्या, लपणात (जनावराला न दिसता बसण्याच्या आडोशात) बसण्याची जागा, सोलण्याच्या शेडचा वापर आणि शीतखोली हे सर्व येते. रायफल त्यांची घेतली तर रात्रीला ५० डॉलर वेगळे पडतात. पहिल्या दोन जनावरांपर्यंत अधिक आकार नाही. जेवण स्वतःचे स्वतः करावे लागते.

फोनवर मालकांनी मला पहिला प्रश्न विचारला तो माझ्या व्हिसाविषयी. अमेरिकेत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी वाचकांनी हा भाग नीट वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. टेक्सासात १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार खासगी जमिनीवर, जमीनमालकाच्या संमतीने, रानटी डुक्कर मारण्यासाठी शिकारीचा परवाना लागत नाही. हंगामाचे बंधन नाही, संख्येची मर्यादा नाही, आणि रात्रीही शिकार करता येते. हे वाचून अनेकजण परवान्याशिवाय थेट निघतात. परंतु संघराज्याच्या बंदूकविषयक कायद्याने तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला बंदूक व काडतुसे बाळगण्यास मनाई केलेली आहे, आणि त्या मनाईतून सुटण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे अमेरिकेत दिलेला शिकारीचा वैध परवाना जवळ असणे. म्हणजे डुकरासाठी परवाना लागत नसला तरी आपल्या हातातल्या रायफलीसाठी तो लागतो. टेक्सासच्या रहिवाशाला तो २५ डॉलरला मिळतो, आणि २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना त्यासोबत शिकारविषयक शिक्षणाचा वर्गही पूर्ण करावा लागतो. पूर्वीच्या ठिकाणी मला कोणी काही विचारले नव्हते. परवाना माझ्याकडे होता तो केवळ योगायोगाने, एका मित्राने आग्रह केला म्हणून. या मालकांनी मात्र परवान्याचे छायाचित्र मागवून घेतले आणि मगच तारीख पक्की केली. सेवेविषयी माझ्या मनात विश्वास बसला तो त्या क्षणी.

दुपारी तीनला पोहोचल्यावर आधी नेमाची तपासणी झाली. प्रत्येक पाहुण्याने १०० यार्डांवरून तीन गोळ्या झाडून दाखवायच्या, आणि तिन्ही हाताच्या तळव्याएवढ्या जागेत बसल्याखेरीज रात्री लपणात बसायचे नाही, असा तिथला नियम आहे. त्यानंतर मालकांनी पुठ्ठ्याचे एक डुक्कर उभे केले, ज्यावर हृदय आणि फुप्फुसे रंगवलेली होती. टेक्सासातील बहुतेक शिकारी हरणावर शिकलेले असतात, आणि हरणाच्या सवयीने नेम धरला की डुकराच्या बाबतीत गोळी मागे, पोटात जाते. कारण डुकराचे हृदय आणि फुप्फुसे शरीरात बरीच खाली आणि पुढे, जवळजवळ पुढच्या पायांच्या मध्ये असतात. पोटात लागलेली गोळी जनावराला दीर्घकाळ तडफडवते आणि आतड्यांतील घाण मांसात पसरवते, म्हणजे दोन्ही बाजूंनी वाईट. हे सर्व त्यांनी शांतपणे, कोणावरही शिकवणीचा रुबाब न दाखवता सांगितले. मोठ्या नराच्या खांद्यावर कूर्चेसारख्या घट्ट पेशींची ढाल असते, तीही त्यांनी आधी सोललेल्या एका कातडीवर दाखवली. बोटाने दाबली तर ती जुन्या टायरच्या रबरासारखी लागते.

काडतुसांविषयी त्यांचा आग्रह तांब्याच्या गोळीचा आहे. शिशाची गोळी आत गेल्यावर फुटते आणि तिचे डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून बऱ्याच अंतरापर्यंत मांसात विखुरतात. तेच मांस पुढे खिम्यात गेले तर मुलांच्या पोटात जाते. तांब्याच्या काडतुसांचे पैसे थोडे जास्त पडले, परंतु मांसासाठी जाणाऱ्याने ते नक्की द्यावेत.

पहिली रात्र रिकामी गेली. संध्याकाळी सहाच्या सुमारास डुकरांना ओढून घेण्यासाठी ठेवलेले, मका फेकणारे यंत्र वाजले, चार रॅकून आले, एक हरीण येऊन गेले, आणि नंतर वारा फिरून आमच्या पाठीमागून यंत्राकडे वाहू लागला. डुकराची नजर बेताचीच असते, पण त्याच्या नाकाची बरोबरी करणारे प्राणी थोडे. वाटाड्याने दहा वाजता स्वच्छ सांगितले की, आता या लपणात बसण्यात अर्थ नाही, आणि दुसऱ्या लपणाकडे जाण्याचा मार्गही वाऱ्याच्या चुकीच्या बाजूने असल्यामुळे त्याने आम्हाला खोलीवर परत आणले. काहींना हे पैसे वाया गेल्यासारखे वाटेल. मला ते प्रामाणिकपणाचे वाटले, कारण रात्रभर बसवून ठेवून वेळ भरून काढणे त्याला सहज शक्य होते.

दुसऱ्या रात्री वारा ईशान्येकडून स्थिर होता आणि तापमान ४१ अंश फॅरेनहाइटपर्यंत उतरले होते. अकरा वाजून गेल्यावर ओढ्याच्या बाजूने आधी आवाज आला: पाण्यात पाय आपटल्याचा, मग घशातल्या घशात गुरगुरल्याचा. थर्मल दुर्बिणीत आठ आकृत्या दिसल्या, तीन मोठ्या आणि पाच लहानमोठ्या. मादी, तिच्या मुली आणि त्यांची पिल्ले असा डुकरांचा कळप असतो; वयात आलेले नर एकएकटे फिरतात. थर्मल दुर्बिणीत शरीराची ऊब पांढरी दिसते, परंतु अंतराचा अंदाज नीट येत नाही आणि मागची जमीन कशी आहे हे पटकन समजत नाही. मी पहिल्या आकृतीवर नेम धरला तेव्हा वाटाड्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून थांबवले. त्याच रेषेत, कुंपणापलीकडे, शेजाऱ्याची गुरे बसलेली होती. माझ्या दुर्बिणीत ती झाडाच्या बुंध्यांसारखी दिसत होती. पुढची वीस मिनिटे आम्ही काहीही केले नाही. कळप मका खात डावीकडे सरकला, मागे मातीचा उंच बांध आला, आणि मग त्याने मधल्या आकाराची, पिल्ले अंगावर नसलेली एक मादी बोटाने दाखवली. गोळी पुढच्या पायामागे, खालच्या अंगाला लागली. ती पंधरा पावले धावून पडली. आम्ही पाच मिनिटे जागेवरच बसलो आणि नंतर पुढे जाऊन, काठीने डोळ्याला स्पर्श करून ती मेल्याची खात्री केली. त्या पाच मिनिटांत कोणीही बोलले नाही.

पुढचा भाग सर्वांत तपशिलाने सांगतो, कारण त्यासाठीच मी हे लिहायला घेतले.

पडल्यापासून शेडमध्ये टांगेपर्यंत २५ मिनिटे लागली. शेडला सिमेंटची फरशी, निचऱ्याची मोरी, गरम पाणी आणि भरपूर उजेड आहे. दारातच रबरी हातमोजे, डोळ्यांवरचे चष्मे आणि प्लॅस्टिकचे एप्रन ठेवलेले असतात, आणि ते घातल्याशिवाय जनावराला हात लावू देत नाहीत. याचे कारण त्यांनी नावानिशी सांगितले. रानटी डुकरांमध्ये ब्रुसेलोसिस हा जिवाणूजन्य रोग आढळतो. रक्तातून, आणि विशेषतः गर्भाशय व वृषणांच्या द्रवातून, हातावरच्या बारीक जखमेवाटे किंवा डोळ्यांवाटे तो माणसाला होऊ शकतो. ताप येऊन जाऊन राहतो, घाम फुटतो, सांधे दुखतात, आणि डुकराशी संबंध आल्याचे डॉक्टरांना सांगितले नाही तर निदान लांबते. रँचवरून निघताना प्रत्येकाला एक छापील कागद मिळतो, ज्यावर हीच लक्षणे आणि शिकारीची तारीख लिहिलेली असते, म्हणजे पुढे काही आठवड्यांनी ताप आला तर तो कागद डॉक्टरांपुढे ठेवता यावा. इतकी साधी आणि इतकी उपयोगाची गोष्ट मी दुसरीकडे कुठेही पाहिली नाही. मालकांचा कुत्रा शेडपासून दूर बांधलेला होता, कारण कच्च्या मांसाच्या तुकड्यातून कुत्र्याला स्यूडोरेबीज हा रोग होऊ शकतो, आणि माणसाला तो होत नसला तरी कुत्र्यासाठी तो प्राणघातक असतो.

आतडी काढताना वाटाड्याने चाकूचे पाते वरच्या बाजूला धरून, दोन बोटांच्या आडोशाने पोट उघडले, गुदद्वार सोडवून दोरीने बांधले, आणि गर्भाशयाला शक्यतो धक्का न लावता सर्व एकदम बाहेर घेतले. मग यकृत, फुप्फुसे आणि चरबी उजेडात पाहिली. चरबी का पाहायची, हे मला नव्याने कळले. वॉरफरिन असलेले एक विषारी आमिष डुकरांसाठी वापरण्यास टेक्सासात २०२४ मध्ये मान्यता मिळाली, आणि त्यात असा रंग मिसळलेला असतो की ते खाल्लेल्या डुकराची चरबी निळी पडते. आपल्या रँचवर आमिष वापरत नसले तरी डुकराला शेजाऱ्याचे कुंपण अडवत नाही. निळी चरबी दिसली तर ते मांस खायचे नाही, हा नियम शेडच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे. आमच्या मादीची चरबी पांढरी स्वच्छ होती आणि यकृतावर डाग नव्हते. तरीही यकृत खाऊ नका, असाच त्यांचा सल्ला होता, आणि तो मी पाळला.

कातडी सोलून, पाणी कमीत कमी वापरून, दोन मांड्या, दोन खांदे आणि पाठ वेगळी करून ती ४० अंश फॅरेनहाइटखालच्या शीतखोलीत टांगेपर्यंत मध्यरात्र होऊन वीस मिनिटे झाली होती. अनेक शिकारी मांस बर्फाच्या पेटीत पाण्यात बुडवून दोन-तीन दिवस ठेवतात, म्हणजे रक्त निघून वास जातो असे त्यांना वाटते. मालकांच्या मते, आणि आता माझ्याही मते, त्याने मांस पाणचट होते आणि जंतू सगळीकडे पसरतात. कोरडे, थंड आणि हवेशीर टांगलेले मांस अधिक चांगले राहते. ज्यांना पेटीच वापरायची आहे त्यांनी मांस पिशवीत घालून बर्फावर ठेवावे आणि पेटीच्या तळाचे पाणी सतत काढत राहावे.

त्याच रात्री आमच्यासोबतच्या एका पाहुण्याला २५० पौंडांच्या आसपासचा मोठा नर मिळाला. त्याचे सुळे पाहण्यासारखे होते आणि त्याला त्याचा रास्त आनंद झाला होता. मालकांनी त्याचे अभिनंदन केले, डोके जतन करण्याची सोय सांगितली, आणि मांसाविषयी मात्र काहीही लपवले नाही. वयात आलेल्या नराच्या चरबीत अँड्रोस्टेनोन आणि स्कॅटोल ही द्रव्ये साठतात, त्यांचा उग्र, लघवीसारखा वास गरम केल्यावर अधिकच उठतो, आणि कोणताही मसाला तो पूर्ण झाकू शकत नाही. त्यांनी शेडमधल्या छोट्या शेगडीवर चरबीचा एक तुकडा तव्यावर टाकून दाखवला. सगळ्यांनी वास घेतला. त्या पाहुण्याने फक्त पाठीचे मांस नेले आणि बाकीचे रँचवरच्या खड्ड्यात पुरले गेले. मांसासाठी जाणाऱ्याने ८० ते १२० पौंडांची मादी मागावी, हे मी आता कोणालाही निःशंकपणे सांगेन.

माझ्या मादीचे वजन ९६ पौंड भरले. दुसऱ्या दिवशी ती रँचने सुचवलेल्या, जवळच्या गावातील एका मांस कापून देणाऱ्या दुकानात दिली, आणि माझी तक्रार आहे ती या टप्प्याविषयी. पाठ, मांड्या आणि खांदे त्यांनी व्यवस्थित कापून, निर्वात पिशव्यांत बांधून, प्रत्येकीवर तारीख घालून दिले. परंतु खिमा आणि सॉसेज मात्र अनेक शिकाऱ्यांचे मांस एकत्र करून बनवतात आणि वजनाच्या प्रमाणात वाटून देतात, हे मला पैसे भरल्यावर समजले. माझे स्वच्छ, लगेच थंड केलेले, तांब्याच्या गोळीने मारलेले मांस कोणाच्या, कोणत्या गोळीने मारलेल्या आणि किती वेळ उन्हात पडलेल्या मांसात मिसळले गेले, हे मला कधीच कळणार नाही. त्या सहा पौंड सॉसेजला किंचित उग्र वास होता, आणि ते आम्ही खाल्ले नाही. रँचवाल्यांनी पाहुण्यांना ही पद्धत आधी सांगायला हवी होती. शेडमध्ये एवढी काळजी घ्यायची आणि पुढच्या पायरीवर पाहुण्याला एकटे सोडायचे, हे त्यांच्या एरवीच्या वागण्याशी जुळत नाही. मी हे त्यांना लिहून कळवले, तेव्हा त्यांनी चूक मान्य केली आणि आता ही माहिती ते आगाऊ देतात असे उत्तर पाठवले.

उरले ते २८ पौंड हाडविरहित मांस. त्याच्या चवीविषयी सांगायचे तर ब्रॉयलर कोंबडी आणि गावठी कोंबडी यांच्यात जेवढे अंतर, तेवढेच दुकानातील डुकराच्या मांसात आणि यात आहे. रंग गडद, धागा घट्ट, चरबी फार थोडी, आणि रश्श्यात उतरणारा गोडवा मात्र भरपूर. पहिल्या रविवारी खांद्याचे तुकडे हळद, मीठ आणि आले-लसणाच्या वाटणात दोन तास ठेवून, कांदा आणि सुके खोबरे भाजून केलेल्या वाटणात, काळ्या मसाल्यावर, झाकण ठेवून मंद आचेवर अडीच तास शिजवले. दुकानातले डुकराचे मांस एवढा वेळ शिजवले तर त्याचा लगदा होतो. याचे तुकडे शाबूत राहिले आणि तरीही काट्याने सुटत होते. घरात डुक्कर कधी न शिजवलेल्या माझ्या पत्नीने दुसऱ्यांदा रस्सा वाढून घेतला. मांडीचा मोठा तुकडा ओव्हनमध्ये २७५ अंश फॅरेनहाइटवर पाच तास ठेवला, तोही उत्तम झाला. पाठीचे मांस मात्र मला साधले नाही. ते इतके बिनचरबीचे असते की सुरक्षित तापमानापर्यंत नेताना कोरडे पडते. पुढच्या वेळी पातळ काप करून रश्श्यातच घालणे बरे.

तापमानाबाबत तडजोड करू नये. दुकानातील डुकराच्या अखंड तुकड्यासाठी अमेरिकेच्या कृषी विभागाचे प्रमाण १४५ अंश फॅरेनहाइट आहे. रानटी डुकरासाठी मात्र मांसाच्या मध्यभागी १६० अंश, म्हणजे ७१ अंश सेल्सियस, गाठलेच पाहिजे. या जनावरांत ट्रिकिनेला नावाचे जंत आणि टॉक्सोप्लाझ्मासारखे परजीवी असू शकतात. फ्रीझरमध्ये ठेवल्याने ते मरतात असे पुष्कळजण समजतात, परंतु रानटी प्राण्यांतील ट्रिकिनेलाच्या काही जाती गोठवूनही जिवंत राहतात, आणि ब्रुसेलोसिसचे जिवाणूही गोठवण्याने नष्ट होत नाहीत. धुरी देणे किंवा वाळवणे यांवरही भिस्त ठेवू नये. आपल्याकडची रश्श्याची पद्धत या दृष्टीने फार चांगली, कारण तासभर उकळणाऱ्या रश्श्यात तो प्रश्नच उरत नाही. पण भाजण्यासाठी किंवा तळण्यासाठी मांसात खुपसण्याचा थर्मामीटर घ्यावाच. कच्चे मांस कापलेली पाटी आणि सुरी वेगळी ठेवावी, हे वेगळे सांगायला नको.

आता रँचच्या जाहिरातीतील एका वाक्याविषयी. शिकार करून आपण शेतकऱ्यांची आणि निसर्गाची मोठी सेवा करतो, असे त्यांच्या पानावर ठळकपणे लिहिले आहे. नुकसान खरे आहे, यात शंका नाही. डुक्कर हा अमेरिकेतील मूळचा प्राणी नव्हे. १५३९ मध्ये हर्नांडो दे सोतो या स्पॅनिश मोहिमेच्या नेत्याने फ्लोरिडात उतरवलेली डुकरे, नंतरच्या वसाहतवाल्यांनी मोकळी चरायला सोडलेली डुकरे आणि १९३० च्या दशकात शिकारीच्या हौसेसाठी टेक्सासात आणलेले युरोपीय रानवराह, यांच्या संकरातून आजची जात निर्माण झाली. आज ती ३५ राज्यांत पसरली आहे, आणि एकट्या टेक्सासात तिची संख्या २५ लाखांहून अधिक असल्याचा अंदाज आहे. पेरलेला मका एका रात्रीत ओळीने उकरून खाल्लेला मी या रँचशेजारच्या शेतात स्वतः पाहिला. परंतु मादी सहा ते आठ महिन्यांत वयात येते, सुमारे ११५ दिवसांत विते आणि एका वेताला सहसा चार-सहा पिल्ले देते. संख्या आहे तेवढीच ठेवायची तरी दर वर्षी सुमारे दोन-तृतीयांश डुकरे काढावी लागतात, असे वन्यजीव तज्ज्ञ सांगतात. दोन रात्रींत एक मादी मारून हे गणित हलत नाही. उलट आठातले एक मारले की उरलेले सात विखुरतात आणि सावध होतात. म्हणूनच संपूर्ण कळप एकदम पकडणारे मोठे गोल पिंजरे अधिक परिणामकारक मानले जातात. मिझूरी राज्याने तर २०१६ पासून आपल्या संरक्षण विभागाच्या जमिनींवर हौशी शिकाऱ्यांना डुक्कर मारण्यास बंदी घातली, कारण शिकारीच्या हौसेपायीच लोक डुकरे नव्या जागी नेऊन सोडत होते. मी याविषयी मालकांना विचारले, तेव्हा त्यांनी आपल्या जमिनीवरचे दोन पिंजरे दाखवले आणि खरी संख्या त्यांतूनच कमी होते हे कबूल केले. मग तेच जाहिरातीत लिहावे. मांसासाठी केलेली शिकार हे स्वतःच पुरेसे आणि प्रामाणिक कारण आहे. त्याला दुसरा टेकू लागत नाही.

एक गोष्ट महाराष्ट्रातील वाचकांसाठी. आपल्याकडचे रानडुक्कर हा इथल्या जंगलाचा मूळ रहिवासी असून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. टेक्सासातील मोकळीक तिथल्या परक्या, रानटी झालेल्या जातीपुरती आहे, आणि इथे लिहिलेले काहीही आपल्या शिवारातल्या डुकराला लागू करू नये. टेक्सासातही दक्षिण आणि पश्चिम भागात जाणाऱ्यांनी हावेलिना नावाचा डुकरासारखा दिसणारा स्थानिक प्राणी नीट ओळखायला शिकावे. तो डुक्कर नाही, आणि त्याच्या शिकारीला हंगाम, मर्यादा आणि परवाना तिन्ही लागू आहेत.

राहण्याची खोली साधी पण स्वच्छ आहे. हीटर रात्री एकदा बंद पडला. पाऊस झाला असेल तर शेवटचा दोन मैलांचा मातीचा रस्ता छोट्या गाडीने जाण्यासारखा नाही, हे आधी विचारून घ्यावे. लहान मुलांना शेडमध्ये येऊ देत नाहीत आणि ते योग्यच आहे. ज्यांना एका रात्रीत दहा-बारा डुकरे मारायची आहेत किंवा हेलिकॉप्टरमधून गोळ्या झाडायच्या आहेत (टेक्सासात २०११ पासून तशी कायदेशीर मुभा आहे) त्यांनी इथे येऊ नये. त्यांचीही निराशा होईल आणि मालकांचीही. ज्यांना स्वतःच्या ताटातले मांस कुठून येते ते जवळून पाहायचे आहे आणि नंतर ते निर्धास्त मनाने शिजवायचे आहे, त्यांना मी ही जागा पाचपैकी चार गुण देऊन सुचवीन. पाचवा गुण सॉसेजमुळे आणि जाहिरातीतल्या त्या वाक्यामुळे राखून ठेवला आहे.

फ्रीझरमध्ये आता खांद्याच्या मांसाची दोन पाकिटे उरली आहेत. पुढच्या जानेवारीतील दोन रात्रींसाठी मी आगाऊ रक्कम भरली असून, या वेळी खिम्याचे यंत्र घरून घेऊन जाणार आहे. शेडमधल्या टेबलावर ते लावायला मालकांनी परवानगी दिली आहे.